महिनाभराची चढाई, दहा वर्षांचे श्रेय

५ मार्च १९७९ या एकाच दिवशी दोन घोषणा झाल्या. चीनने जाहीर केले की व्हिएतनामविरुद्धच्या कारवाईचा हेतू साध्य झाला आहे आणि सैन्य माघारी येत आहे. हनोईने त्याच दिवशी सार्वत्रिक लष्करभरतीचा आदेश काढला. चढाई करणारा काम फत्ते झाल्याचे सांगत होता आणि ज्याच्यावर चढाई झाली तो मोठ्या युद्धाच्या तयारीला लागला होता. १६ मार्चला शेवटच्या चिनी तुकड्या सरहद्दीपार गेल्या, २८ दिवसांची मोहीम संपली आणि दोन्ही राजधान्यांनी आपापल्या विजयाची द्वाही फिरवली.

लष्करी अंगाने या मोहिमेबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. चिनी सैन्य ठिकठिकाणी रखडले, जबर किंमत मोजून तीन प्रांतिक शहरे घेऊन परतले. वाद आहे तो राजकीय हिशेबाचा. अभ्यासकांमध्ये बराच मान असलेले एक मत असे की रणांगणावर चीनची शोभा झाली असेल, पण परराष्ट्र धोरण म्हणून चीनचे सर्वोच्च नेते डेंग श्याओपिंग यांनी बाजी मारली. १९७८ च्या अखेरीस कंबोडियात घुसलेला व्हिएतनाम पुढे तिथून निघाला, सोव्हिएत संघ मित्रासाठी युद्धात उतरला नाही, थायलंड चीनच्या जवळ आला, अमेरिकेशी सूत जुळले. या चारही गोष्टी घडल्या, यात शंका नाही. पण त्या चढाईमुळे घडल्या का? माझे उत्तर बहुतांशी नाही असे आहे. महिनाभराच्या मोहिमेच्या खात्यात दहा वर्षांच्या नाकेबंदीचे श्रेय जमा केले गेले आहे.

असा हिशेब मांडताना पहिली अडचण उद्दिष्टांचीच येते. युद्ध संपल्यावर प्रत्येक सरकार आपल्या उद्दिष्टांची यादी निकालाबरहुकूम दुरुस्त करते. जे मिळाले तेच हवे होते, असे सांगू लागते. म्हणून यादी करायची ती पहिला गोळा पडण्यापूर्वीच्या पुराव्यावरून. त्यात तीन गोष्टी पाहायच्या: जगाला काय सांगितले, बंद दाराआड मित्रांना काय सांगितले आणि सैन्य कधी व कसे हलवले. तिसरा पुरावा सर्वांत भरवशाचा, कारण डिव्हिजन (हजारो सैनिकांची तुकडी) हलवायला पैसा लागतो आणि दिखाव्यासाठी कोणी तो महिनोन्महिने खर्च करत नाही.

जगाला सांगितले ते एवढेच की हा स्वसंरक्षणार्थ प्रतिहल्ला आहे, व्हिएतनामची इंचभरही जमीन नको आहे, सरहद्दीवरच्या कुरापती थांबल्या पाहिजेत. जानेवारीच्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये डेंग यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांना खासगीत जे सांगितले त्यात कंबोडिया आणि सोव्हिएत संघ आले. कारवाई मर्यादित आणि अल्पकाळाची असेल, हेही आले. कार्टर यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने लिहिलेले टिपण वाचून दाखवले आणि संयमाचा सल्ला दिला. डेंग यांनी तो ऐकून घेतला आणि बेत होता तसाच ठेवला.

सैन्याच्या हालचाली याहून बोलक्या आहेत. चीनच्या केंद्रीय लष्करी आयोगाने ग्वांगझू आणि कुनमिंग या दोन लष्करी विभागांना सरहद्दीवर जमवाजमव करण्याचा आदेश दिला तो ८ डिसेंबर १९७८ रोजी. १० जानेवारीपर्यंत तुकड्या जागेवर पोचायच्या होत्या. व्हिएतनामची कंबोडियावरची मोठी चढाई सुरू झाली २५ डिसेंबरला आणि तिची राजधानी नॉम पेन्ह पडली ७ जानेवारीला. म्हणजे कंबोडियातली चीनमित्र पोल पॉटची ख्मेर रूज (कम्युनिस्ट) राजवट अजून उभी असतानाच चीनची तयारी चालू झाली होती. कंबोडिया हे कारण होतेच, पण एकटे नव्हते. त्याआधीच्या वर्षभरात बरेच काही साठले होते. व्हिएतनाममधून चिनी वंशाच्या लोकांचे लोंढे चीनमध्ये येत होते, जूनमध्ये व्हिएतनाम सोव्हिएत गोटाच्या ‘कोमेकॉन’ या आर्थिक संघटनेत गेला, जुलैमध्ये चीनने मदत तोडली आणि ३ नोव्हेंबरला मॉस्कोत सोव्हिएत-व्हिएतनाम मैत्री करारावर सह्या झाल्या. चीनला उत्तरेत आणि दक्षिणेत एकच शत्रू दिसू लागला होता.

हे सगळे जुळवले की पाच उद्दिष्टे हाती लागतात. व्हिएतनामला कंबोडियातून मागे खेचणे किंवा निदान तिथली पकड सैल करणे. सरहद्द शांत करणे. सोव्हिएत करार पोकळ आहे हे दाखवणे. थायलंडला आणि अमेरिकेला चीनचा शब्द खरा असतो याची खात्री पटवणे. आणि व्हिएतनामला त्याच्या वागण्याची किंमत मोजायला लावणे. चिनी भाषणांत या सगळ्याला मिळून ‘धडा शिकवणे’ म्हटले जाई. राज्यकर्त्यांना असे शब्द फार सोयीचे असतात, कारण धडा शिकवला गेला नाही हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. परीक्षा घ्यायची तर धड्यानंतर हनोई कोणती गोष्ट वेगळी करणार होते, हे विचारावे लागते.

राजकीय निकालाकडे जाण्यापूर्वी उत्तर व्हिएतनाममधल्या काओ बांग शहराची लढाई जरा जवळून पाहायला हवी, कारण राजकीय अपयशाचे एक मूळ तिथे आहे. पूर्वेकडच्या ग्वांगशी आघाडीची सूत्रे शू शियोऊ यांच्याकडे होती, पश्चिमेच्या युन्नान आघाडीची यांग दझी यांच्याकडे. एकूण दोन लाखांहून अधिक सैनिक सरहद्द ओलांडून गेले. शू यांचा डाव कोंबडी मारायला बैल कापण्याचा सुरा वापरण्याचा होता, म्हणजे निवडक ठिकाणी प्रचंड बळ एकवटायचे, शत्रूच्या नियमित तुकडीला चहूबाजूंनी वेढायचे आणि संपवायचे. काओ बांगवर ४१ वी आणि ४२ वी आर्मी (अनेक डिव्हिजनचे दल) दोन बाजूंनी चालून गेली. ४२ व्या आर्मीने डोंग खेच्या बाजूने रणगाडे पुढे घातले.

नकाशावर हे सुरेख दिसते. प्रत्यक्षात चुनखडीच्या उभ्या टेकड्यांमधून जाणारा एक अरुंद रस्ता, त्यावर एकामागे एक रणगाडे आणि दोन्ही अंगांच्या उतारावर खांद्यावरचे रॉकेट लाँचर घेतलेले स्थानिक मिलिशियाचे लोक. पुढचा एक रणगाडा पेटला की मागची सगळी रांग अडून राहते. पायदळाला रणगाड्यांबरोबर लढण्याचा सराव नव्हता, त्यामुळे रांगेचे रक्षण करायला जवळ कोणी नसे. रांग पुढे सरकलीच तर मागचा रस्ता पुन्हा तोडला जाई आणि दारूगोळा अडकून पडे. रसदीचा मोठा भाग खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या हमालांच्या पाठीवरून जात होता. नकाशे जुने होते. चीनने १९६५ मध्ये सैन्यातले हुद्दे रद्द केले होते. नव्याने एकत्र आणलेल्या तुकड्या धुमश्चक्रीत मिसळल्या की हुकूम कोणी द्यायचा आणि कोणी पाळायचा, हे गणवेशावरून कळत नसे. हवाई दलाला लढाईत उतरवायचे नाही, हे वरूनच ठरले होते. काओ बांग पडायला आठवड्याहून अधिक काळ लागला आणि ते पडले तेव्हा व्हिएतनामच्या ज्या ३४६ व्या डिव्हिजनला वेढून संपवायचे होते ती लहान टोळ्यांनी डोंगरात पांगली होती. पुढचे कित्येक दिवस गुहा धुंडाळण्यात गेले.

हनोईने दुसरीकडे आपल्या राखीव नियमित डिव्हिजन राजधानीभोवतीच ठेवल्या. सरहद्दीवर लढले ते मुख्यतः प्रांतिक दले, सशस्त्र पोलीस, मिलिशिया आणि मोजक्याच नियमित डिव्हिजन. सरहद्दीजवळचे लांग सोन शहर मार्चच्या सुरुवातीला पडले आणि चिनी सैन्य तिथेच थांबले.

मृतांच्या आकड्यांवरून जयापजय ठरवू नये, कारण दोन्ही बाजूंचे दावे फुगवलेले आहेत. चिनी मृतांचे अंदाज सात हजारांच्या आसपासपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत ताणलेले आहेत. त्यापेक्षा युद्धकैद्यांच्या अदलाबदलीचा आकडा विश्वासार्ह, कारण तो दोघांनी मिळून मोजलेला असतो. चीनने १,६३६ कैदी परत केले, व्हिएतनामने २३८. मैदान शेवटी चीनच्या ताब्यात राहिले, हे त्यातून दिसते. पण कित्येक डिव्हिजन वेढून संपवण्याच्या योजनेच्या मानाने १,६३६ हा आकडा फार लहान आहे, हेही दिसते.

दुसऱ्या सरकारचा निर्णय बळाने बदलायचा असेल तर ‘आज झाले त्यापेक्षा उद्याचे वाईट असेल’ अशी भीती त्याच्या मनात घालावी लागते. नाक दाबल्यावर तोंड उघडते, पण हात किती वेळात निघणार हे आधीच कळले तर कोणी तोंड उघडत नाही, श्वास रोखून बसते. चीनने नेमके हेच सांगून टाकले होते. कारवाई मर्यादित, जमीन नको, प्रतिहल्ल्यानंतर आम्ही आमच्या सरहद्दीत परत. असे सांगणे चीनला भागच होते, कारण मोहीम लांबली किंवा हनोईच्या दिशेने सरकली तर उत्तरेकडून सोव्हिएत सैन्य उतरण्याचा धोका होता. शिनजियांगच्या सरहद्दीवरून नागरिक मागे हलवण्यापर्यंत खबरदारी घेतली गेली होती. सोव्हिएत संघाला दूर ठेवण्यासाठी जी मर्यादा आवश्यक होती, तिनेच हनोईवरचा दाब काढून घेतला. हनोईला फक्त काही आठवडे तग धरायचा होता, आणि ते त्यांनी दुय्यम दलांच्या जोरावर केले. ही विसंगती सेनापतींच्या चुकांमुळे आलेली नव्हती. हुद्दे असते, नकाशे नवे असते, काओ बांग तीन दिवसांत पडले असते, तरीही ती राहिली असती.

आता पहिले उद्दिष्ट. व्हिएतनामने कंबोडियातून आपली दुसरी कोअर (अनेक डिव्हिजनचे दल) मार्चमध्ये उत्तरेला हलवली, सोव्हिएत विमानांची आणि जहाजांची मदत घेऊन. चीनच्या बाजूने बोलणारे हे उदाहरण पुढे करतात. पण त्या कोअरचे मुख्य काम, नॉम पेन्ह घेण्याचे, तोवर झाले होते. कंबोडियातल्या व्हिएतनामी सैन्याचा एकूण आकडा त्यानंतरही दीड ते दोन लाखांच्या घरात राहिला. हनोईने बसवलेले हेंग सामरिन सरकार टिकले. सर्वांत कडक चाचणी १९८४-८५ च्या कोरड्या मोसमात झाली. व्हिएतनामी सैन्याने थाई सरहद्दीवरचे प्रतिकारकांचे तळ एकामागोमाग एक उद्ध्वस्त केले. जानेवारीत आम्पिल, फेब्रुवारीत ख्मेर रूजचे फ्नोम मलाय, मार्चमध्ये ततुम. धड्याचा धाक उरला असता तर असा मोसम आलाच नसता. चीनने उत्तरादाखल सरहद्दीवर तोफा डागल्या, १९८४ च्या एप्रिलमध्ये तिथल्याच लाओशान डोंगराची शिखरे घेतली, पण १९७९ सारखी दुसरी चढाई केली नाही. एकदा केलेल्या कृतीची पुन्हा नुसती धमकी देऊन काम होत नसेल, तर पहिल्या वेळी जरब बसली नव्हती असेच म्हणावे लागते.

सरहद्दीचे उद्दिष्ट तर उलटेच फिरले. एप्रिल १९७९ मध्ये सुरू झालेली बोलणी मार्च १९८० पर्यंत चालली आणि काहीही न ठरता थांबली. चढाईपूर्वी तिथे चकमकी होत. चढाईनंतर दशकभर तोफांची लढाई चालली. व्हिएतनामच्या बाजूच्या वी श्युएनच्या डोंगरांत १२ जुलै १९८४ रोजी व्हिएतनामने केलेला प्रतिहल्ला इतका महागात पडला की तिथले माजी सैनिक आजही तो दिवस पाळतात. चीनने आपल्या वेगवेगळ्या लष्करी विभागांतली दळे पाळीपाळीने तिथे आणून त्यांना प्रत्यक्ष लढाईचा सराव दिला. सरहद्द शांत करण्याच्या नावाने सुरू झालेले काम शेवटी तीच तापती ठेवण्यात उपयुक्त ठरले. भूसीमा करार झाला तो ३० डिसेंबर १९९९ रोजी आणि खांब रोवण्याचे काम संपले २००८ च्या अखेरीस. करार झाला तोपर्यंतच संबंध पूर्ववत होऊन आठ वर्षे लोटली होती. सीमेचा तंटा मिटला तो समेटानंतर आलेल्या व्यापारामुळे आणि संयुक्त मोजणीमुळे.

तिसरे उद्दिष्ट, सोव्हिएत करार पोकळ ठरवण्याचे, हे चीनच्या सर्वांत जमेचे मानले जाते. सोव्हिएत संघ युद्धात उतरला नाही, हे खरे. त्याने शस्त्रे पाठवली, युद्धनौका दक्षिण चीन समुद्रात आणल्या, मंगोलियात आणि अतिपूर्वेत मोठ्या कवायती केल्या. पण करार नीट वाचला तर त्याचे सहावे कलम एवढेच म्हणते की एका पक्षावर हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका निर्माण झाला तर दोघे तातडीने सल्लामसलत करतील आणि योग्य ती परिणामकारक पावले उचलतील. आपोआप लष्करी मदत देण्याचे वचन त्यात नव्हते. न दिलेले वचन मोडल्याचे सिद्ध करून पोकळपणा किती सिद्ध होतो? तरीही अंशतः मान्य करायला हवे. हल्ल्यापूर्वी सोव्हिएत प्रतिक्रिया नेमकी कुठवर जाईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. डेंग यांनी जोखीम उचलली आणि अंदाज बरोबर निघाला.

मात्र या जमेच्या समोरची खर्चाची बाजू सहसा कोणी वाचत नाही. चढाईआधी हनोई सोव्हिएत आरमाराला कायमचा तळ देण्याचे टाळत होते. परकी फौज आपल्या भूमीवर पुन्हा येऊ देण्याची त्यांना मनापासून नावड होती, आणि ती समजण्याजोगी आहे. चढाईनंतर काही आठवड्यांत सोव्हिएत जहाजे व्हिएतनामच्या काम रान्ह उपसागरात आली. मे १९७९ मध्ये २५ वर्षांचा करार झाला. पुढची दहा वर्षे सोव्हिएत आरमाराचा देशाबाहेरचा सर्वांत मोठा तळ चीनच्या दक्षिण किनाऱ्यासमोर होता. शेवटचे रशियन २००२ मध्ये तिथून गेले. दक्षिणेतला सोव्हिएत विळखा सोडवायला निघालेल्या मोहिमेने त्या विळख्याला बंदर मिळवून दिले.

थायलंडचे पाहू. व्हिएतनामी सैन्य कंबोडिया ओलांडून थाई सरहद्दीवर येताच बँकॉकला चीनची गरज भासली. थायलंडमार्गे ख्मेर रूजला रसद पोचवण्याची बोलणी जानेवारी १९७९ मध्येच झाली, म्हणजे चढाईच्या महिनाभर आधी. आणि विश्वास पक्का करणारी गोष्ट पुढे जुलैमध्ये घडली. थाई कम्युनिस्ट बंडखोरांचे चीनमधून चालणारे रेडिओ केंद्र बंद झाले. बँकॉकच्या दृष्टीने लांग सोन पडण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचे होते. उलट इंडोनेशिया आणि मलेशियाने चढाईचा वेगळाच अर्थ काढला. मार्च १९८० मध्ये मलेशियातल्या क्वांतान येथे इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो आणि मलेशियाचे पंतप्रधान हुसेन ओन यांनी जी भूमिका मांडली तिचा गाभा असा होता की व्हिएतनामला चीन आणि सोव्हिएत संघ या दोघांच्याही प्रभावापासून दूर ठेवावे आणि त्यासाठी त्याच्या सुरक्षेच्या चिंता समजून घ्याव्यात. जकार्ताने बीजिंगशी तुटलेले राजनैतिक संबंध जोडले ते थेट १९९० मध्ये.

अमेरिकेबाबत घटनाक्रम पुरेसा आहे. राजनैतिक संबंध १ जानेवारी १९७९ रोजीच सुरू झाले होते. लष्करी सामग्रीच्या विक्रीपर्यंत पुढे गेलेली जवळीक आली ती डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात घुसल्यावर.

भारताच्या खात्यावर मात्र चीनला थेट तोटा झाला आणि तो जवळजवळ कोणत्याच हिशेबात धरला जात नाही. १९६२ नंतर प्रथमच भारताचे परराष्ट्रमंत्री चीनला गेले होते. अटलबिहारी वाजपेयी १२ फेब्रुवारीला पोचले आणि ते तिथे असतानाच हल्ला झाला. त्यांनी दौरा आवरता घेतला. डेंग यांनी या कारवाईची तुलना १९६२ मधल्या भारताविरुद्धच्या कारवाईशी केली होती. सतरा वर्षांनी संबंध सुधारायला आलेल्या पाहुण्याच्या देशाला याहून वाईट काही ऐकवता आले नसते. चीनचे परराष्ट्रमंत्री ह्वांग ह्वा दिल्लीला आले ते १९८१ च्या जूनमध्ये. मधल्या काळात, जुलै १९८० मध्ये, भारताने हेंग सामरिन सरकारला मान्यता देऊन टाकली होती. बिगर-कम्युनिस्ट देशांत अशी मान्यता देणारा भारत हा ठळक अपवाद होता.

राहिले पाचवे उद्दिष्ट, किंमत मोजायला लावण्याचे. चीनच्या बाजूचा सर्वांत दमदार युक्तिवाद इथेच आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. १९७९ च्या फेब्रुवारीपर्यंत उत्तर सरहद्दीवर व्हिएतनामच्या नियमित डिव्हिजन थोड्याच होत्या. त्यानंतर मात्र दुसऱ्या चढाईच्या भीतीने हनोईला तिथे मोठी फौज दशकभर बाळगावी लागली. कंबोडियातली फौज वेगळीच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत नियमित सैन्य दहा लाखांवर गेले. तांदळाची टंचाई, शिधापत्रिका, आणि १९८६ मध्ये ७०० टक्क्यांच्या पुढे गेलेली महागाई. त्या वर्षीच्या डिसेंबरात सहाव्या पक्ष काँग्रेसने ‘दोई मोई’ म्हणजे नूतनीकरणाचे धोरण स्वीकारले. उत्तरेकडची ती फौज हा चढाईचा थेट आणि न नाकारता येणारा परिणाम आहे. चढाईच्या जमेला मी धरतो ती मुख्यतः एवढीच रक्कम.

पण त्या रकमेतून कंबोडियातली माघार विकत घेतली गेली का? माघारीचा निर्णय पिकत गेला तो असा. जुलै १९८६ मध्ये व्हिएतनामच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख ले झुआन वारले. त्याच महिन्यात व्लादिवोस्तोकमध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी चीनशी समेटाचा हात पुढे केला. संबंध सुधारायचे तर कंबोडियाचा अडथळा दूर करा, ही बीजिंगची अट मॉस्कोला आता गैरसोयीची वाटू लागली आणि दरवर्षी अंदाजे एक अब्ज डॉलरच्या पुढे जाणाऱ्या मदतीचा हात आखडता झाला. मे १९८८ मध्ये व्हिएतनामच्या पॉलिटब्यूरोने (पक्षाच्या सर्वोच्च समितीने) १३ वा ठराव करून शत्रू कमी आणि मित्र जास्त असे धोरण ठरवले. सप्टेंबर १९८९ मध्ये सैन्य परतले. चढाई आणि माघार यांच्यात साडेदहा वर्षांचे अंतर आहे आणि मधल्या प्रत्येक वळणावर दुसरेच कारण उभे दिसते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, असेही इथे म्हणता येत नाही, कारण कावळा उडून गेल्याला दशक झाले होते.

अशा वेळी एक साधी कसोटी लावून पाहावी. चढाई वगळा आणि बाकी सारे तसेच ठेवा. थायलंडमधला आसरा, चिनी शस्त्रांवर जगणारे कंबोडियन प्रतिकारक, पाश्चात्त्य देशांची आर्थिक कोंडी आणि संयुक्त राष्ट्रांतले दरवर्षीचे मतदान. नोव्हेंबर १९७९ मध्ये परकी सैन्य मागे घेण्याच्या ठरावाच्या बाजूने ९१ मते पडली होती आणि विरोधात २१. याला सोव्हिएत संघाचा खालावत गेलेला खजिना जोडा. व्हिएतनाम कंबोडियातून निघाला असता का? कदाचित वर्ष-दोन वर्षे उशिरा, पण निघाला असता, असे मला वाटते. आता उलट करा. चढाई ठेवा आणि बाकी सारे काढून टाका. २८ दिवसांनंतर हनोईला निघायचे एकही कारण उरत नाही. दोन कल्पित चित्रांतला हा फरक इतका मोठा आहे की श्रेयाची वाटणी निम्मी-निम्मीसुद्धा करता येत नाही.

आणखी एक दावा वारंवार केला जातो. या युद्धाने चिनी सैन्याचे दोष उघडे पाडले, त्यामुळे डेंग यांना सुधारणा रेटता आल्या, १९८५ मध्ये दहा लाखांची कपात आणि १९८८ मध्ये हुद्द्यांची पुनर्स्थापना शक्य झाली. हे घडले, आणि चीनला त्याचा फायदाही झाला. पण हे डिसेंबर १९७८ च्या कोणत्याही आदेशात उद्दिष्ट म्हणून नव्हते. मार खाल्ल्यावर शहाणे होणे चांगले, पण शहाणे होण्यासाठीच मार खायला गेलो होतो असे कोणी म्हणू नये. या शहाणपणाची किंमतही चुकती करावी लागली. चीनचा अधिकृत संरक्षण खर्च १९७८ मध्ये सुमारे १,६७८ कोटी युआन होता, तो १९७९ मध्ये सुमारे २,२२६ कोटींवर गेला, म्हणजे एका वर्षात जवळजवळ एक-तृतीयांश वाढ. आर्थिक सुधारणांच्या पहिल्याच वर्षात ही उडी परवडणारी नव्हती. दोन वर्षांत आकडा पुन्हा मूळ पातळीच्या जवळ आणावा लागला.

आणि परतताना केलेला विध्वंस. काओ बांग, लांग सोन आणि लाओ कायमधले पूल, रस्ते, सरकारी इमारती पद्धतशीरपणे उडवल्या गेल्या. लाओ कायच्या ॲपटाइट (खतासाठी लागणारे खनिज) खाणीही सुटल्या नाहीत. शत्रूची किंमत वाढवण्याच्या हिशेबाने हे ‘यश’ म्हणता येईल. पण १९८० मध्ये व्हिएतनामने नवी राज्यघटना केली तेव्हा तिच्या सरनाम्यात चीनचा आक्रमक म्हणून नावानिशी उल्लेख झाला. तो काढला गेला १९८८ मध्ये, समेटाची गरज भासू लागल्यावर. शेजाऱ्याच्या राज्यघटनेत शत्रू म्हणून नाव लागणे, हे मोहिमेच्या यादीत नक्कीच नव्हते.

कंबोडियाची गोष्ट नंतर कशी वळली हेही पाहण्यासारखे आहे. २३ ऑक्टोबर १९९१ च्या कंबोडियाविषयीच्या पॅरिस शांतता करारानंतर ज्यांना वाचवण्यासाठी चीनने इतके केले ते ख्मेर रूज निवडणुकीबाहेर राहिले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस विरून गेले. व्हिएतनामच्या पाठबळावर सत्तेत आलेले हुन सेन टिकले. १९८८ मध्ये कंबोडियातल्या साऱ्या अनर्थांचे मूळ चीन आहे, असे लिहिणारे हेच ते हुन सेन. जुलै १९९७ मध्ये त्यांनी भागीदार पंतप्रधानाला बळाने हटवले तेव्हा पाश्चात्त्य देशांनी मदत रोखली, बीजिंगने मात्र आधार दिला. त्याच सुमारास नॉम पेन्हमधले तैवानचे कार्यालय बंद झाले. त्यानंतर रस्ते, पूल, धरणे आणि कर्जे येत राहिली. हनोईच्या मुठीत नसलेले सरकार नॉम पेन्हमध्ये असावे, ही चीनची जुनी इच्छा पुरी झाली ती या वाटेने, चढाईनंतर वीसेक वर्षांनी आणि चढाईच्या वेळी चीन ज्यांच्याविरुद्ध उभा होता त्यांच्याच हातून.